डेन्मार्कमधील रीबे आणि परिसर : सहा जणांच्या कौटुंबिक सहलीचे नियोजन

नागावची_लेक

नमस्कार. मे अखेरीस आम्ही सहा जण डेन्मार्कला जाण्याचे ठरवत आहोत. ठरवताना जो गोंधळ उडाला आहे, तो येथे मांडून जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे. आम्ही दोघे, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि माझे आईबाबा, असा आमचा लवाजमा आहे. मुलाला लेगोलँडशिवाय दुसरे काही सुचत नाही. बाबा एकाहत्तर वर्षांचे असून त्यांचे आयुष्य अलिबागच्या किनाऱ्यावर बंदराच्या कामात गेले आहे. त्यांना समुद्र आणि जुने शिलालेख या दोनच गोष्टींत रस आहे. आई शुद्ध शाकाहारी आहे आणि तिचे गुडघे दुखतात. माझी धाकटी नणंद हॅम्बुर्गला राहते. आधी चार दिवस तिच्याकडे राहून पुढे सरकायचे, एवढे एकच सध्या पक्के आहे.

मी केलेला पहिला आराखडा असा : कोपनहेगन दोन रात्री, ओडेन्स एक, ऑर्हुस दोन, बिलुंड दोन आणि जाता जाता रीबे एक. नकाशावर देश एवढासा दिसतो, त्यामुळे हे सहज जमेल असे मला वाटले. यजमानांचे म्हणणे मात्र असे आहे की, ही सहल नसून सामान बांधण्या-सोडण्याची स्पर्धा आहे. कोणाचे बरोबर?

पश्चिमवारा

यजमानांचे. मी गेली नऊ वर्षे युटलंडच्या, म्हणजे डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पाच्या, पश्चिम किनाऱ्याजवळ राहतो आणि उन्हाळ्यात आमच्याकडे भारतातून येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हेच सांगतो, की दोन ज्येष्ठ आणि दोन मुले सोबत असताना दर दोन दिवसांनी बिऱ्हाड हलवू नका. आपण शनिवार ३० मे ते शनिवार ६ जून असा पूर्ण आठवडा एकाच ठिकाणी मुक्काम करावा आणि ते ठिकाण रीबे असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हॅम्बुर्गहून रीबे मोटारीने अडीच-तीन तासांवर आहे. कोपनहेगन मात्र देशाच्या दुसऱ्या टोकाला असून वाटेत दोन मोठे पूल ओलांडावे लागतात, त्यामुळे ते या खेपेला सोडून द्यावे.

मुलगा बिलुंडला राहण्याचा हट्ट धरेल, पण बिलुंड हे मूळचे छोटेसे गाव लेगोमुळेच वाढलेले आहे. ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये तेथे लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, आज आपण पाहतो त्या लेगोच्या प्लॅस्टिक विटेचे पेटंट १९५८ चे आहे, आणि लेगोलँड १९६८ मध्ये उघडले. ते पाहायला दोन दिवस पुरेत. संध्याकाळी बाग बंद झाल्यावर आजी-आजोबांनी तेथे काय करावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही. रीबेहून बिलुंड सुमारे साठ किलोमीटर आहे, म्हणजे मोटारीने तासाभराचा रस्ता. बिलुंडला रेल्वे नाही, हेही लक्षात असू द्यावे.

उलट रीबे हे डेन्मार्कमधील सर्वांत जुने गाव मानले जाते. आठव्या शतकाच्या सुरुवातीला तेथे नदीकाठी व्यापारपेठ वसली. आज गावाचा जुना भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस मिनिटांत चालून होतो. मधोमध कॅथेड्रल आहे आणि नवल असे, की आत जाण्यासाठी पायऱ्या चढाव्या नव्हे तर उतराव्या लागतात, कारण शतकानुशतके भराव पडून आजूबाजूचा रस्ता वर आला आणि देऊळ जागच्या जागी राहिले. तेथील विटांच्या मनोऱ्याला २४८ पायऱ्या आहेत. मुलांना वर न्या, आईंना चौकातल्या बाकावर बसवा.

एक धोका आधीच सांगतो. जुन्या गावातील रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत, आणि तेथील जुनी घरे भाड्याने मिळाली तरी त्यांचे जिने शिडीसारखे उभे असतात. आईंच्या गुडघ्यांचा विचार करता गावाच्या कडेचे, एकमजली, अंगण असलेले घर शोधावे.

तूपसाखर

घराच्या बाबतीत माझा अनुभव जोडते. आम्ही मागे असेच घर घेतले होते. जाहिरातीतील भाडे पाहून खूश झालो, पण वीज मीटरप्रमाणे वेगळी, शेवटची साफसफाई वेगळी आणि चादरी-टॉवेलही वेगळे, हे करारात बारीक अक्षरांत लिहिलेले आम्ही वाचलेच नव्हते. मे महिन्यातही रात्री गारठा असतो, त्यामुळे आम्ही खोल्या मनसोक्त गरम ठेवल्या आणि निघताना विजेचा आकडा पाहून आमचेच हातपाय गार पडले. तेव्हा घरात शिरताच मीटरचा फोटो काढून ठेवावा आणि चादरी हॅम्बुर्गहूनच घेऊन जाव्यात. अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे वर सुचवलेल्या तारखा सोयीच्या आहेत.

आता खाण्याचे. युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, आंबावडीतला खवा हे सगळे घरीच ठेवावे लागेल. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे नणंदबाईंसाठी हापूसची पेटी नेण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. हे लिहिताना मलाच वाईट वाटत आहे, पण विमानतळावरच्या कचरापेटीत आंबे टाकण्यापेक्षा येथेच खाऊन निघालेले बरे. मेतकूट, भाजणी, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, भाकरवडी हे कोरडे जिन्नस खुशाल न्यावेत. तूप तेथील लोण्याचे घरी कढवता येते, आणि ते लोणी इतके सुरेख असते की आईंची तक्रार राहणार नाही.

गावातील किराणा दुकानांत राईचा काळा पाव, स्किर नावाचे घट्ट दही, बटाटे, मटार, कोबी, सगळे मिळते. स्किर फडक्यात बांधून आणखी निथळले की चक्क्याची बऱ्यापैकी बरोबरी होते. मी त्याचे श्रीखंड केले आहे. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. बाटली विकत घेतलीच तर ती टाकू नये, कारण तिच्यावर अनामत घेतलेली असते आणि दुकानातील यंत्रात रिकामी बाटली घातली की ती परत मिळते. आमच्या लेकीने आठवडाभर हाच उद्योग केला.

नागावची_लेक

दोघांचेही मनापासून आभार. यजमानांना हा धागा दाखवला आणि आता त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मला सहन करावे लागत आहे.

आराखडा बदलला. बाबांना मी रीबेच्या पश्चिमेचा समुद्र नकाशावर दाखवला तेव्हा त्यांचे लक्ष एका बेटाकडे गेले. मांडो असे त्याचे नाव आहे, आणि त्याच्याकडे जाणारा रस्ता समुद्रातून गेलेला दिसतो. बाबांनी लगेच विचारले, की हे आपल्या कुलाब्याच्या किल्ल्यासारखे आहे का. ओहोटीला चालत जायचे आणि भरतीला अडकून बसायचे? शिवाय त्यांनी पंचांग काढून तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायलाही सुरुवात केली आहे. हा हिशोब तेथे लागू पडेल का?

पश्चिमवारा

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. नऊ वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

बेट अगदी तसेच आहे, फक्त अंतर मोठे आहे. वेस्टर वेडस्टेड या खेड्यापासून मांडोपर्यंत खडीचा रस्ता सपाट चिखलातून जातो आणि प्रत्येक भरतीला पाण्याखाली जातो. या साऱ्या किनाऱ्याला वाडन समुद्र म्हणतात. हॉलंडपासून जर्मनीमार्गे डेन्मार्कपर्यंत तो पसरला असून त्याचा हॉलंड-जर्मनीचा भाग २००९ मध्ये आणि डेन्मार्कचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गंमत अशी, की येथे भरती-ओहोटीतला फरक दीड-दोन मीटरचाच आहे; मुंबई-अलिबागकडे उधाणाला तो याच्या दुपटीहून जास्त असतो. पण तळ इतका सपाट आहे की एवढ्याशा उतारानेही कित्येक किलोमीटर जमीन उघडी पडते. त्या चिखलातील किड्या-शिंपल्यांवर लाखो पक्षी पोसले जातात.

आता तिथीच्या पाऊणपटीबद्दल. तो हिशोब कोकण किनाऱ्यासाठी बसवलेला आहे. पौर्णिमेची पंधरावी तिथी धरली की सव्वाअकरा येतात, आणि ते अलिबागला जवळपास जुळते. पण भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोहोचते, म्हणून रीबेला तास चुकेल. रोज पाऊण तासाने वेळ पुढे सरकण्याचा नियम मात्र तेथेही चालतो, कारण चंद्र दोन्हीकडे एकच आहे. बाबांनी पहिल्या दिवशी तेथील तक्त्यातून एक वेळ घ्यावी आणि पुढचा आठवडा स्वतः मोजून पाहावा.

फक्त एका गोष्टीचा हिशोब पंचांगात नाही, आणि ती म्हणजे वारा. पश्चिमेचा वारा जोरात सुटला की पाणी किनाऱ्याकडे ढकलले जाते, तक्त्यातील वेळ उलटून गेली तरी ओहोटी लागल्यासारखी वाटत नाही, आणि रस्ता उघडतच नाही. म्हणून आपल्या मोटारीने तो रस्ता मुळीच धरू नये. वेस्टर वेडस्टेडहून ट्रॅक्टरने ओढलेली उंच गाडी निघते, तिने जावे. तिचे वेळापत्रक भरतीवर बेतलेले असल्याने रोज बदलते, आणि बेटावर काही तास थांबून त्याच गाडीने परतावे लागते. बेटावर मोजकी घरे, एक चर्च, मेंढ्या आणि वारा आहे. मुलांना चिखलात चालायचे असेल तर वाटाड्यासोबतच जावे. धुके उतरले की दिशा कळत नाही. त्याच खेड्यात वाडन समुद्राचे माहिती केंद्र आहे. त्याची इमारत छपरापासून भिंतींपर्यंत गवताने शाकारलेली आहे, आणि पाऊस पडलाच तर मुले तेथे दोन-तीन तास सहज रमतात.

यंदा पौर्णिमा ३१ मे रोजी, रविवारी आहे. म्हणजे आपल्या मुक्कामाची सुरुवात उधाणात होईल आणि आठवडा भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरतीकडे, सरकत जाईल. मी मांडोसाठी गुरुवार मनात धरला असता, पण तिकीट वाऱ्याचा अंदाज पाहूनच काढले असते.

भटकंती_भिडू

रीबेजवळ संध्याकाळी मैनेच्या जातीचे हजारो पक्षी एकाच वेळी आकाशात उडतात आणि सूर्य झाकला जातो, त्याला तेथे ‘काळा सूर्य’ म्हणतात. हे दृश्य कार्यक्रमात अवश्य घालावे.

पश्चिमवारा

दृश्य खरोखर विलक्षण आहे, पण ते मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दिसते. मे अखेरीस गेलेल्यांनी त्याची वाट पाहत दलदलीजवळ उभे राहू नये.

त्याऐवजी रात्री आठला चौकात यावे. पूर्वी रीबेत आग आणि पाण्याचे पूर यांची खबर देण्यासाठी रात्रपहारेकरी फिरत असे. आता १ मेपासून उन्हाळाभर तोच वेश करून, हातात कंदील आणि काठी घेऊन एक जण गावातून फिरतो, जुनी पहाऱ्याची गाणी म्हणतो आणि गोष्टी सांगतो. त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. जूनच्या तोंडावर सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे हा रात्रीचा पहारेकरी लख्ख उजेडात कंदील घेऊन चालताना दिसतो. मुलांना याचेच जास्त हसू येते.

तो नदीकाठच्या धक्क्यावर एका लाकडी खांबापाशी थांबतो. खांबावर कडी बसवली आहेत आणि प्रत्येक कडे एकेका पुराची उंची दाखवते. सर्वांत वरचे कडे ११-१२ ऑक्टोबर १६३४ च्या रात्रीचे आहे. उंच माणसाने हात वर केला तरी तो तेथवर पोहोचत नाही. समुद्र येथून कित्येक किलोमीटर दूर असूनही त्या रात्री पाणी कॅथेड्रलच्या आत शिरले होते. १९११ मध्ये पुन्हा मोठा पूर आला आणि त्यानंतर किनाऱ्याला सध्याचा बांध घातला गेला. खारलँडचे बांध पाहिलेल्या आपल्या वडिलांना तो बांध आणि नदीच्या मुखावरचे दरवाजे जरूर दाखवावेत.

चाकोरीबाहेर

मोटारीचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो. सहा जण आणि सामान म्हटल्यावर सात आसनी गाडीच हवी. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून आधीच काढून घ्यावा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे, म्हणजे लेकीसाठी ते आतापासूनच सांगून ठेवावे. दिवसाही दिवे लावून गाडी चालवावी लागते. उजवीकडे वळताना आपल्या उजव्या अंगाने सरळ जाणारा सायकलस्वार आधी जातो. हे अंगवळणी पडेपर्यंत शेजारी बसणाऱ्याने मागे पाहून सांगत राहावे.

आणि ती चकती! पुष्कळ ठिकाणी वाहनतळ फुकट असतो, पण ठरावीक तासांपुरता. आपण किती वाजता आलो हे काचेमागे लावलेल्या घड्याळासारख्या चकतीवर दाखवायचे असते. मी ती शोभेची वस्तू समजलो. एका दुकानासमोर वीस मिनिटे गाडी उभी केली, परत आलो तर काचेवर दंडाची पावती होती, आणि त्या रकमेत आमचे दोन दिवसांचे जेवण झाले असते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. फलकावर सगळे लिहिलेले होते, फक्त डॅनिशमध्ये.

दुसरे म्हणजे, तेथे युरो नव्हे, क्रोनर चालतात. एका युरोला साडेसातच्या आसपास. सगळीकडे कार्ड चालते, रोख फारशी लागत नाही.

तूपसाखर

शुक्रवार ५ जून हा त्यांचा संविधान दिन आहे आणि त्या दिवशी मोठी दुकाने बंद असतात. गुरुवारी मांडोहून परतताना भाजी-दूध घेऊन ठेवावे, नाहीतर शुक्रवारी भाजणीच्या थालीपिठावर भागवावे लागेल. (ते वाईट आहे असे नाही.)

शिलालेखवेडा

आजोबांसाठी येलिंग सोडू नका. ते बिलुंडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे, म्हणजे लेगोच्या दुसऱ्या दिवशी मोठ्यांची वेगळी तुकडी करून सहज जाता येईल. तेथे एका पांढऱ्या चर्चच्या दोन्ही बाजूंना दोन प्रचंड मातीचे ढिगारे आहेत आणि दारासमोर दोन कोरीव दगड आहेत. लहान दगड गोर्म राजाने आपल्या राणीच्या, थीराच्या स्मरणार्थ उभारला. मोठा त्यांच्या मुलाने, हाराल्डने, आईवडिलांसाठी. मोठ्या दगडावर हाराल्ड सांगतो, की त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकले आणि डेन लोकांना ख्रिस्ती केले. हा दगड दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. आपल्या नागावशेजारच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे १०१२ चा मानला जातो. दोहोंत जेमतेम अर्धशतकाचे अंतर आहे. येलिंगचे दगड आता काचेच्या घरात आहेत आणि समोरच्या संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही. आक्षीचा दगड कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला कसा उभा होता, हे आजोबांना माहीत असेलच, त्यामुळे अधिक बोलत नाही.

मुलाला सांगायचे ते एवढेच, की हाराल्डचे टोपणनाव ‘ब्लूटूथ’ होते आणि मोबाइलवरील ब्लूटूथचे चिन्ह म्हणजे त्याच्या नावाच्या दोन रून अक्षरांची (त्या दगडांवरील प्राचीन लिपीतील अक्षरांची) जोडणी आहे. मग तो आपणहून यायला तयार होईल.

पश्चिमवारा

सुंदर सुचवलेत. लेगोबद्दल एक भर घालतो. लेगोलँड आणि लेगो हाउस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेगोलँड ही उघड्यावरची बाग आहे, तर २०१७ मध्ये उघडलेले लेगो हाउस ही बंदिस्त इमारत असून तेथे प्रत्यक्ष बसून बांधायचे असते. पावसाचा दिवस लेगो हाउससाठी राखावा. निघताना प्रत्येकाला सहा लाल विटा आणि त्या कशा जोडायच्या याचे एक कार्ड मिळते, आणि ती जोडणी इतर कोणाला दिलेली नसते. आठ खुंट्यांच्या सहा विटा ९१ कोटींहून अधिक प्रकारे जोडता येतात, म्हणून हे शक्य होते. अकरा वर्षांच्या मुलासाठी मला त्या इमारतीतील हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

व्हिसाबाबत : हॅम्बुर्गला चार रात्री आणि रीबेला सात, म्हणजे मुख्य मुक्काम डेन्मार्कमध्ये असल्याने अर्ज डेन्मार्ककडे करावा, भले आपण उतरणार जर्मनीत असाल. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आईबाबांचा विमा काढताना आधीपासूनचे आजार लपवू नयेत.

नागावची_लेक

सर्वांच्या सल्ल्याने आता असे ठरले आहे. रीबेच्या कडेला एकमजली घर शनिवार ते शनिवार घेतले. करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि वीज वेगळी आहे हे सापडलेसुद्धा. रविवार गावासाठी, कॅथेड्रल आणि रात्रीचा पहारेकरी. सोमवार लेगोलँड. मंगळवारी आम्ही दोघे मुलांना घेऊन लेगो हाउसला, आईबाबा आणि हॅम्बुर्गहून आमच्यासोबत येणारी नणंद येलिंगला. मात्र ब्लूटूथची गोष्ट ऐकल्यावर मुलगा दुपारून येलिंगच्या तुकडीत बदली मागत आहे. बुधवारी एस्ब्येर्गहून बारा मिनिटांच्या फेरीबोटीने फानो बेट, कारण तेथील वाळू रुंद आणि टणक असल्याने मोटार किनाऱ्यापर्यंत नेता येते आणि आईला फार चालावे लागणार नाही. शुक्रवारी काहीही नाही. थालीपीठ आणि अंगण.

गुरुवारच्या रकान्यात मी मांडो असे लिहिले होते. बाबांनी ते खोडून पेन्सिलीने लिहिले आहे, आणि शेजारी ‘वारा पाहून’ असा शेरा मारला आहे. रविवारी पहाटे उठून धक्क्यावरच्या खांबापाशी जायचे आणि पहिली वेळ स्वतः टिपायची, असे त्यांनी जाहीर केले आहे. पहाटे म्हणजे तेथे किती वाजता उजाडते?

पश्चिमवारा

पाचच्या आधी. पण खांबापाशी भरती दिसणार नाही हे त्यांना सांगा. नदीच्या मुखावरचे दरवाजे समुद्राचे पाणी चढू लागले की मिटतात. त्यांनी मोटारीने थेट त्या दरवाजांपाशीच जावे. मी रविवारी मोकळा आहे, हवे तर थर्मासमधून चहा घेऊन येतो.